नानांचा कार्यक्रम आणि वाईचा घाट

नाना गेले. आणि त्यांच्यावर पहिला संशय घेणारा नालायक मी होतो.

सोसायटीत सगळ्यांना माहितीये, बाहेरच्यांसाठी सांगतो.
नाना आमच्या बी विंगचे. रिटायर झाल्यापासून कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतल्या सिनियर लोकांच्या ट्रिपा काढायचे.
ट्रिपच्या आधी प्रत्येक दाराखालून दोन पानी कार्यक्रम आत यायचा.

"८.१० नाश्ता. ८.३५ स्वच्छतागृह (भारतीय २, कमोड १). ११.०० ते ११.१५ वाई, नदीचा घाट चढणे."

इथेच मला डाऊट आला.
घरी बसून माणसाला वाईतले कमोड कसे माहीत? गुगललाही माहीत नव्हते. मी चेक केलं.

त्यात दर ट्रिपच्या आधीचे दोन शनिवार नाना पिशवी घेऊन एकटेच गायब. नानींना फक्त "काम आहे."

मी पार्किंगमध्ये बोलून गेलो, "नानांचं वाईत दुसरं घर आहे."
जोक होता राव.
संध्याकाळपर्यंत नानींकडे पोचला.

नानींनी बोलावलं. डोळे सुजलेले.
"तूच म्हणालास ना? मग तूच बघून ये. आणि जे असेल ते मला सांगायचं."

पुढच्या शनिवारी स्वारगेटपासून नानांच्या एसटीच्या मागे माझी बाईक.
वाईला घाटावर नाना एकटे. हातात घड्याळ.
एक पायरी चढायचे, दुसरा पाय शेजारी आणायचे, गुडघ्यावर हात, थांबायचे.

सेम नानींसारखे.

मला बघून दचकलेसुद्धा नाहीत.
"आलास? पेट्रोल हिने दिलं का?"
मी हेल्मेट काढलं.
"हिला बारा मिनिटं लागतील. कागदावर पंधरा लिहिलीत. सगळे आपल्यासाठी खोळंबलेत असं तिला वाटायला नको. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कुठे यायलाच नको म्हणत होती."
"मग सांगा ना त्यांना!"
"सांगितलं तर येईल का, शहाण्या? आणि तू बोललास, तर पुढच्या वेळी तुझं नाव प्रेक्षणीय स्थळांत टाकीन."

घरी येऊन नानींना सांगितलं, "नाना तिकडे चोरून मिसळ खातात."
डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं ना.
नाना हूं की चूं न करता बोलणी खात बसले. वर महिनाभर दुधीची भाजी.

आज सगळे गेल्यावर नानींनी मला थांबवलं.
"मिसळ नव्हती ना?"

सांगून टाकलं. घाट, घड्याळ, पंधरा मिनिटं, सगळं.

 नानी त्यांच्या त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या,
"मी सात मिनिटांत चढायचे. उरलेला वेळ मधे उभी राहून नदी बघायचे. लवकर पोचले असते, तर यांचा पुढचा सगळा कार्यक्रम कोलमडला असता."

नाना, संशय मागे घेतो.
आरामात जा.
नमस्कार.