जाहिराती लागल्यावर उठायचं नाही

अमेरिकेत शनिवारी संध्याकाळी शर्यत सुटते तेव्हा इथे सिंगापूरला रविवारची सकाळ असते. त्या रविवारी मुलीच्या अलेक्झांड्रा रोडवरच्या ऑफिसात मी कांदेपोह्यांचा मोठा डबा सांभाळत उभा होतो. अमेरिकन मोटार शर्यती आशियात विकायचा विभाग तिने वरिष्ठांशी भांडून सुरू केला होता. जाहिरातदारांचा एक माणूस अमेरिकेहून आला होता. इथले लोक शर्यती बघतात कशा, हे त्याला स्वतः बघायचं होतं. त्याला पटलं नाही तर विभाग बंद आणि तिची नोकरीही गेली.

हे वेड तिला माझ्यामुळे लागलं. मी जहाजावर इंजिनिअर होतो. तरुणपणी एका अमेरिकन बंदरात खलाशांच्या क्लबने आम्हाला गाडीत घालून मातीच्या गोल ट्रॅकवर नेलं. गाड्यांवर गावातल्या टायरवाल्याचं, बेकरीवाल्याचं नाव हाताने रंगवलेलं. चिखल थेट आमच्या शर्टांवर. पुढे या खेळाला तोबा गर्दी झाली, बड्या कंपन्या घुसल्या, गाडीवर बोट ठेवायला रिकामी जागा उरली नाही. मग माणसं यायची कमी झाली, तर शर्यतवाल्यांनी प्रेक्षकांची बाकडीच काढून टाकली. आता जाहिरातींसाठी शर्यतीचे तुकडे पाडतात, आणि जिंकलेला पोरगा हेल्मेट काढतो न काढतो तोच कंपन्यांचे आभार मानायला लागतो. माझं डोकं फिरतं. म्हणूनच मुलीने बजावलं होतं, "बाबा, आज काही बोलू नकोस. नो लेक्चर, कॅन? जमेल ना?"

खुर्च्या भरायचं काम माझ्याकडे होतं. जहाजावरचे जुने सोबती, जुरोंग आयलंडवरच्या तेल कारखान्यांतले इंजिनिअर, त्यांच्या बायका, सगळ्यांना बोलावलं. रविवारी सकाळी माणसं बोलवायची आणि उपाशी बसवायची, हे आमच्याकडे होत नाही. मी सगळ्यांना बजावून ठेवलं, "शर्यत चालू असताना जागचं हलायचं नाही. जाहिराती लागल्या की पोहे."

पहिल्या जाहिराती लागल्या आणि अख्खा हॉल एकदम उठला. लिंबू, कोथिंबीर, शेव, हसणं-खिदळणं. पडद्यासमोर तो पाहुणा एकटाच उरला. त्याने मागे वळून रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, मग माझ्या मुलीकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तिने मला कोपऱ्यात ओढलं. "बाबा, त्याला तेच बघायचंय. लोक ॲड्स बघतात की नाही."

"मग शर्यत कशाला लावली?"

"हळू बोल ना, प्लीज."

मी राग गिळला आणि रांगेरांगेतून वाकून कुजबुजत फिरलो. "आता जाहिराती लागल्या तर कोणी उठायचं नाही. पडद्याकडे बघायचं."

"अरे, मला डायबेटिस आहे," एक जुना चीफ इंजिनिअर म्हणाला. "खाऊ तरी दे."

"शर्यत चालू असताना खा. जाहिरातीत नाही."

बायको डब्यापाशी उभी होती. पोहे गार होतायत, असं ती खुणेने सांगत होती. पण चालू शर्यत सोडून उठायला कोणी तयार नव्हतं; मी डब्यावर झाकण घातलं.

दुसऱ्या जाहिराती लागल्या. सगळे शाळेतल्यासारखे ताठ बसले. बर्गर, विमा, ट्रक, पुन्हा बर्गर. पाहुणा पडद्याकडे कमी आणि आमच्याकडेच जास्त बघत होता. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. एकाने खिशातून फोन काढला तसा त्याच्या मागे जाऊन मी खांद्यावर हात ठेवला. त्याने निमूटपणे फोन आत टाकला. जाहिराती येत राहिल्या आणि दर खेपेला मी रांगांवरून नजर फिरवत होतो.

शेवटी एकदम आरडाओरडा झाला, टाळ्या पडल्या. शर्यत संपली होती. पाहुणा उठला आणि त्याने मुलीचा हात हातात घेऊन जोरात हलवला. असे मन लावून बघणारे लोक आपल्याकडे अमेरिकेत राहिले नाहीत, असं काहीसं तो म्हणाला. विभाग चालू राहणार होता.

लोक गार पोह्यांवर तुटून पडले. मुलगी आली आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिचे डोळे भरले होते. मला खरंच फार बरं वाटलं.

मग तिने हळूच विचारलं, "बाबा, जिंकलं कोण?"

मी पडद्याकडे बघितलं. तिथे ट्रकची जाहिरात चालू होती.

"मी पण लोकांकडेच बघत होतो गं," मी म्हणालो.