वेणी घालताना विचारलेला प्रश्न

देवाशिवाय चांगुलपणा टिकतो का, यावर लिहावं इतकं माझं वाचन नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, चुकलं तर माफ करा. पण काल बदलापूरला आमच्या जिन्यात मोहरीच्या तेलाचा वास आला आणि मी थेट उल्हासनगरच्या जुन्या गॅलरीत पोचलो.

शेजारच्या सिंधी काकूंचा हात मोडला होता. आई रोज सकाळी त्यांच्या केसांना ते तेल लावून वेणी घालायची. मी बाजूला चहा-पाव खात बसायचो.

एकदा काकूंनी विचारलं, "सुनीता, तुम लोग तो भगवान मानते नहीं. फिर ये सब किसके लिए करती है? ऊपर कौन देखता है?"

आम्ही बौद्ध. आईचा कंगवा थांबला नाही. "वर कोण कशाला पाहिजे, भाभी? समोर तुम्ही बसलाय ना! आणि मान हलवू नका, वेणी वाकडी होईल."

काकू खळखळून हसल्या. "मैं झूलेलाल को बोलूँगी, तेरा खयाल रखे."

"बोला की," आई म्हणाली.

तेव्हा वाटलं, आई जिंकली. आता आई नाही, आणि कोण जिंकलं यापेक्षा मला ती उन्हातली गॅलरीच परत हवी आहे.

काकू पुढे मुलाकडे इंदूरला गेल्या होत्या. आज धीर करून त्याला फोन लावला. काकू मागच्या वर्षीच वारल्या, तो म्हणाला. शेवटपर्यंत त्या रोज पूजा अर्धी सोडून उठायच्या, शेजारच्या आजारी बाईची वेणी घालायला. देवाला सांगून जायच्या, "थोड़ा रुको, सामनेवाली राह देख रही है."