बत्तीस घरांचं पाच-पाच किलो लाकूड

शिरपूरच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळतो आणि फुशारक्या मारतो. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसरं मी समाजसेवा म्हणून करतो. त्यामुळे पुढे सांगेन त्यातलं निम्मं ज्याने-त्याने आपापल्या जबाबदारीवर घ्यावं. शेगडीच्या प्रकल्पाची फाइल मात्र मी वाढवून सांगणार नाही. ती मुळातच एवढी जाड होती की वाढवायला जागा नव्हती.

प्रकल्प असा. शेतात जाळून टाकतात त्या कपाशीच्या काड्या जळगावकडच्या शेतकऱ्यांच्या एका गटाने गोळा करायच्या. नरडाण्याच्या एका कारखान्यात त्या दाबून इंधनाच्या कांड्या करायच्या. धुळ्याच्या एका कारागिराने त्या कांड्यांसाठी पत्र्याची शेगडी बनवायची. ती शेगडी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात बत्तीस घरांना द्यायची, आणि लाकूड किती वाचलं ते आम्ही मोजायचं. वरती पुण्याची एक संस्था आणि तिच्याही वरती परदेशातलं एक विद्यापीठ. पहिल्या बैठकीला इतके भागीदार जमले की ओळखी करून देता-देता जेवणाची वेळ झाली, आणि जेवून आल्यावर कोण कोण ते कोणालाच आठवेना, म्हणून ओळखी पुन्हा सुरू झाल्या. मी चहाचं बघायला बाहेर गेलो, तेवढ्यात ‘डेटा मॅनेजमेंट प्लॅन’ माझ्या गळ्यात पडला.

म्हणजे काय, तर कोणती माहिती गोळा होणार, ती कुठे राहणार, कोण पाहणार आणि कधी पुसणार, हे आधीच लिहून ठेवायचं. मी दोन दिवसांत चाळीस पानं लिहिली. ‘कोण पाहणार’ या मथळ्याखाली तर हात असा सुटला की विचारू नका: ‘ही सर्व माहिती संपूर्ण जगासाठी खुली राहील.’ सगळ्या भागीदारांनी सह्या केल्या, वाचलं एकानेही नाही. मला मात्र ते वाक्य इतकं आवडलं की रात्री जेवताना घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “जगाला सांगा, आज वरणात मीठ कमी आहे.”

शेगड्या यायच्या आधी महिनाभर घरोघरचं लाकूड मोजायचं ठरलं. गावातल्या एका अक्काकडे आम्ही स्प्रिंगचा काटा दिला. साठीची बाई, पण मोळी अशी उचलायची की काट्यालाच घाम फुटावा. ती वजन करायची आणि तिची सून मोबाइलमध्ये भरायची: घर, माणसं, वजन, लाकूड कुठून आणलं. शिवाय बायांबरोबर जाऊन सुनेने लाकूड उचलतानाच मोळीचा एक फोटो काढायचा. फोटोबरोबर जागा आपोआप नकाशावर उमटायची. ती सोय मीच शोधली होती आणि तीन तालुक्यांत सांगून झाली होती.

तीन आठवड्यांनी पुण्याच्या संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. कामाच्या पक्क्या, आवाज शांत.

“सर, हे गाव आहे की कवायत?”

“का हो?”

“बत्तीस घरं, रोज पाच किलो. ना कमी, ना जास्त. सोमवारी ही माहिती वेबसाइटवर खुली करायची आहे. त्याआधी जाऊन बघून या.”

तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी मी मोटारसायकल काढली. मागे धुळ्याचे शेगडीवाले चाचा बसले, त्यांच्या मांडीवर नमुन्याची शेगडी. चाचांचा मूळ धंदा लोखंडी पेट्यांचा, शेगडीकडे ते हौसेने वळलेले. रस्त्यात इतके खड्डे होते की गावात पोचेपर्यंत आम्ही दोघे आणि शेगडी, कोण कोणाच्या मांडीवर आहे ते कळेना.

अक्का आमच्याशी अहिराणीत बोलायची, घरातली त्यांची बोली निराळी. मी विचारलं, “अक्का, दोन म्हाताऱ्यांच्या घरात पाच किलो आणि अकरा माणसांच्या घरातही पाच किलो?”

“बठ्ठासले सारखं. गाव बठनं नि ठरनं.”

“आणि ते कोपऱ्यातलं घर? त्याला कुलूप आहे. माणसं गुजरातला मजुरीला गेलीत. तिथे कोण जाळतं पाच किलो?”

“त्या गावमा नही म्हनीसन त्यासले सोडी देवो का?”

जमलेल्या बाया खो खो हसल्या. गावाने बसून सगळ्यांना सारखं ठरवलं होतं, आणि ठरलं ते कुलपालाही लागू होतं. हसणं ओसरल्यावर अक्काने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“भाऊ, हाई कोन कोन देखस?”

मी मोठ्या तोऱ्यात यादी सुरू केली. आमचं कॉलेज, नरडाण्याचा कारखाना, जळगावचा गट, पुणे, परदेश. शेवटी छाती फुगवून म्हणालो, “सगळं जग!”

“मंग नाकेदार काय जगना बाहेर ऱ्हास का?”

नाकेदार म्हणजे आमच्याकडचा जंगलाचा पहारेकरी. माझं तोंड बंद पडलेलं आजवर दाताच्या डॉक्टरनेही पाहिलं नव्हतं. ते तिथे बंद पडलं.

मग अक्काने सगळं सांगितलं. गावाजवळचं सुकं लाकूड केव्हाच संपलं. आता बाया नाल्यापलीकडे जातात, तिथे जायला मनाई आहे. तोडत नाहीत, पडलेलं वेचतात, पण मनाई ती मनाई. मागे एकीची कुऱ्हाड आणि मोळी दोन्ही गेली होती. म्हणून गावाने ठरवलं, वजन पाच, आणि ‘कुठून आणलं’ याला सगळ्यांचं एकच उत्तर, शेताच्या बांधावरून. नाल्याची वाट बंद झाली तर?

“शेगडी येवाना पहिलेच चूल बंद व्हई, भाऊ.”

तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती सांगणं मला भाग होतं. मी सुनेचा मोबाइल घेऊन नकाशा उघडला. नाल्यापलीकडे मुंग्यांच्या रांगेसारखे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यावर घरातल्या बाईचं नाव. फोटोंनी सगळं सांगून टाकलं होतं. अक्काने स्क्रीनकडे पाहिलं.  तिने तो मोबाइल माझ्या हातातून घेतला, धान्याच्या कोठीत ज्वारीत खोल खुपसला आणि वर झाकण ठेवलं.

“ती माहिती नुसती मोबाइलमध्ये नाही, अक्का. सून बाजारात रेंजमध्ये गेली तशी पुण्यालाही गेली.”

“आनी सोमवारले जगमा जाई?”

इतका वेळ चाचा शेगडीचं दार उघड-बंद करत बसले होते. ते म्हणाले, “साहेब, बुरा मत मानना. मी पेटी बनवतो ना, दोन्ही चाव्या गिऱ्हाइकाच्या हातात देतो. एक माझ्याजवळ ठेवली तर धुळ्यात कोण माझ्याकडून पेटी घेईल? तुम्ही तर चावी चौकात टांगली.”

चाळीस पानांत मला जे सुचलं नव्हतं ते या माणसाने पाण्याच्या दोन घोटांत सांगितलं. मी एक कोरा संमतिपत्राचा कागद उलटा केला आणि बायांमध्ये बसून नवा प्लॅन लिहायला घेतला. घरांची नावं जातील, त्यांच्या जागी नुसते क्रमांक राहतील. कोणता क्रमांक कोणत्या घराचा ती यादी फक्त अक्काकडे, आमच्याकडे तिची नक्कलही नाही. फोटो बंद. ‘कुठून आणलं’ हा रकाना रद्द. इथे माझा पेन अडला.

“पण लांबून आणता हे तरी कळायला हवं. शेगडीने तुमची पायपीट वाचते का, तेच तर बघायचं आहे.”

अक्काने क्षणभर विचार केला. “कोठून लयनू ते नही सांगाव. कितला टाईम लागना ते सांगसू.”

 परदेशातल्या विद्यापीठाने या बाईला घरी बोलावून शाल द्यायला हवी होती.

गावात रेंज फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीवर. ही टाकी कुतुबमिनारापेक्षा दोन फूट उंच आहे, मोजायचं असेल त्याने मोजावं. शिडीला लोंबकळत मी पुण्याला फोन लावला आणि नवा प्लॅन वाचून दाखवला. मॅडमचं पहिलं म्हणणं, जागेचा तपशील मंजूर अर्जात आहे, तो असा कसा काढणार? एरवी मी अशा वेळी अर्धा तास बोलतो. या वेळी एवढंच म्हणालो, “मॅडम, ते खुलं ठेवायचं वाक्य माझं आहे. चूक माझी आहे. पण कुऱ्हाड जाईल ती यांची.”

 पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

“नावं, फोटो, ठिपके, सगळं काढून टाकते आहे,” त्या म्हणाल्या. “फोन ठेवू नका. संपलं की सांगते. परदेशातल्या लोकांशी मी बोलेन.”

संपेपर्यंत माझा हात सुन्न झाला होता. खाली अक्का मान वर करून उभी होती. मी वरूनच ओरडलो, “पुसलं!”  ती घरात गेली आणि तिने ज्वारीतून मोबाइल काढला.

पुढच्या महिन्यात खरे आकडे आले. एका घरात तीन किलो, एका घरात अकरा. वेळेच्या रकान्यात दोन तास, साडेतीन तास, चार तास. मॅडम म्हणाल्या, फार वेडेवाकडे आकडे आहेत. पण आवाजात आनंद होता.

एक दिवस गावाखालच्या फाट्यावर चहा घेत होतो, तर नाकेदार माझ्याच बाकावर येऊन बसला. तरुण, घामेजलेला, सायकल भिंतीला टेकवलेली.

“सर, तुमच्याकडे लाकडाची यादी आहे म्हणे.”

मी लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे सरकवला. सगळी यादी. तो बोट फिरवत खाली-खाली गेला. क्रमांक, किलो, तास. पुन्हा वर आला. एका ओळीवर थांबला.

“चार तास? एका मोळीला?”

“हो.”

“हे घर कुठलं?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. माझ्या तोंडून इतकं छोटं आणि इतकं खरं वाक्य क्वचित निघतं.

त्याने चहा संपवला, कप ठेवला. “नावं असती तर मला वर कळवावं लागलं असतं. बरं झालं.” उठता-उठता तो पुन्हा वळला. “त्या शेगड्या कधी येणार आहेत, सर? शेगडीवाल्यांना म्हणावं, जरा घाई करा.”