कटंगीतलं तीन खिडक्यांचं जेवणघर

कटंगीला जायचं तर बालाघाटहून सकाळची बस धरा आणि पुढच्या बाकावर बसा. ऐंशीच्या दशकात मी मागे बसून गेलो आणि वारासिवनीपर्यंत अर्धा वेळ हवेतच होतो. मी नुकताच आर्किटेक्ट झालो होतो. मामाच्या नव्या पोल्ट्रीला लागून मी काढलेल्या नकाशाप्रमाणे एक जेवणघर उभं राहिलं होतं. बालाघाटचे एक हॉटेलवाले सेठ तिथे जेवून कोंबड्यांचा सौदा पक्का करणार होते.

मामाला भरपूर हवा हवी होती. मी तीन भिंतींना मोठाल्या काचा लावल्या, त्याही न उघडणाऱ्या. एकीतून शेडमध्ये खच्चून भरलेल्या कोंबड्या दिसत, दुसरीतून शेडमधून काढलेल्या घाण तुसाचा ढीग, तिसरीतून विहिरीकडे जाणारी शेडच्या सांडपाण्याची नाली. खाणाऱ्याला ताटामागचं सगळं दिसावं, हा माझा विचार. मामाला तो सांगायचं मी टाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेठ जेवायला बसले. त्यांनी तंगडी उचलली, तोच एका कोंबडीने काचेवर चोच आपटली.

"भैया, ये मुझे ही देख रही है," सेठ म्हणाले.

मामाने त्यांची खुर्ची ढिगाकडे फिरवली. तिथे माश्या होत्या. मग नालीकडे फिरवली. सेठ पाण्याचा ग्लास हातात धरून थांबले. "ये पानी कौन से कुएँ का है?"

मामाने काचेतून दिसणारी विहीर दाखवली. चौथ्या भिंतीत दार होतं. सेठ त्यातून निघून गेले.

"काहून केलं असं?" मामाने विचारलं. मी विचार सांगितला.

"मंग मले आधी काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही बांधू दिलं नसतं."

"हौ," मामा म्हणाला.

तेवढ्यात मामी आली. शेड ती एकटीच झाडायची. ती सेठच्या खुर्चीत बसली आणि हसता हसता खोकू लागली. "भाचेबुवा, मी तं रोज हेच पाहून राह्यली. मले आजवर कोणं खुर्ची नाही देल्ली."

संध्याकाळी मामाने स्वतः झाडू-टोपली उचलली आणि शेड झाडायला आत गेला. थोड्याच वेळात आतल्या उग्र वासाने झोंबलेले डोळे पुसत, खोकत बाहेर आला. कोंबड्यांच्या पुढच्या खेपेला त्याने निम्मीच पिल्लं आणली, नालीही विहिरीपासून दूर वळवली.

माझ्या परतीच्या बसमध्ये अंगाला येणाऱ्या शेडच्या वासामुळे शेजारी कोणी बसलं नाही. घरी आईने मला अंगणातच आंघोळ घातली. अंगावर पाणी पडल्यावर माझ्या लक्षात आलं, लपलेलं दाखवायला निघालेल्या मला मामीचा खोकला दिसलाच नव्हता. तेव्हापासून कुठल्याही बांधकामावर गेलो की आधी झाडणाऱ्या बाईशी बोलतो. बऱ्याच जणी मला बाजूला व्हायला सांगतात.