अंदमानचा बेत

बायकोला समुद्र दाखवायचा बेत मी केला, आणि सगळ्या गल्लीनं मला गुन्हेगार ठरवलं.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. मी अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो आणि शाळेत भूगोल शिकवायचो. (समुद्र स्वतः पाहिलेला नव्हता, तरी पोरांना त्यावरून छड्या मारत होतो!) कलकत्त्याहून बोट, मग नारळाची झाडं, निळं पाणी, मी आणि शांता! एका सकाळी जेवताना मी हे जाहीर केलं.

"कुठी जाऊन राहिला?" मायनं विचारलं.

"अंदमानले."

तव्यावरची भाकर करपली. "काळ्या पान्यावर? काय केलं रे तू?"

"काई नाई केलं! हवा खायले चाललो!"

"खरं सांग. शाळेतलं काई उचललं का?"

मी असा भडकलो की ताटावरून उठलो. तिथंच घात झाला! भरल्या ताटावरून उठला, म्हणजे भानगड नक्कीच! दुपारी शेजारणी शांताला धीर द्यायला आल्या. एकीनं तर पदर डोळ्याला लावून विचारलं, "फाशी तं टळली नं, बाई?"

दुसऱ्या दिवशी बाळापूरहून मामा धावत आले. "वकील पाहून ठेवला. कबूल काईच नोको करजो!"

"मामा, मी सुटीवर चाललो!" मी ओरडलो.

"शाब्बास! कोर्टात बी असंच सांगजो."

संध्याकाळी अमरावतीहून सासरे उतरले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "जावईबापू, तुमाले जायचं तं जा. माही पोरगी येनार नाई!"

मी मोठ्या आशेनं शांताकडे पाहिलं. ती माझ्यापेक्षा जास्त तापलेली!

"मले इचारलं होतं का तुमी? मी विहिरीत वाकून पाहत नाई, अन् मले समुद्रात नेता?"

(खरंच, विचारायचं राहिलंच होतं.)

सासऱ्यांनी मग फैसला केला. हवाच खायची, तर चिखलदरा काय वाईट? शांता, माय, मामा, सगळे निघाले. मला कोणी विचारलंच नाही, आणि आपण होऊन 'मीही येतो' म्हणायचं, तर मी रुसलेलो! मे महिन्यातल्या अकोल्यात मी एकटा घर राखत बसलो.

आठवड्यानं मंडळी गुटगुटीत होऊन परतली. टांग्यातून उतरता उतरता माय माझ्याकडे बघतच राहिली.

"कसा वाळला रे! एवढी थंड हवा होती तिथं. तू काहून नाई आला?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ठणकावून बोलायला मी तोंड उघडलं, आणि तिची वळकटी उचलून घरात नेली.