खोट्या समुद्राला दोन गुण

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. मी तेव्हा मालवणच्या बाजारपेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरच्या एका मासिकात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचे. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारायचा, म्हणजे नक्की काय करतेस? मलाही ते धड सांगता यायचं नाही. पण लिहायला बसले की माझा तोरा काही विचारू नका. आयुष्यात गोव्यापलीकडे न गेलेली मी, जपानात आणि अमेरिकेत वर्षानुवर्षं खपून केलेल्या गेमची चार परिच्छेदांत वासलात लावायचे आणि जेवायला उठायचे.

मासिकाच्या शेवटच्या पानावर ‘दोन मतं’ असं सदर होतं. एकच गेम दोघांनी खेळायचा, एकमेकांचं न वाचता लिहायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. ज्या गेमवरून बाहेरच्या परीक्षकांत आधीच जुंपलेली असेल असेच गेम संपादक हेरून पाठवायचे. आमचे गुण जितके लांब पडतील तितकी वाचकांची पत्रं जास्त. दुसरे परीक्षक पुण्यातले निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना मी कधी पाहिलं नाही. ते फार सबुरीने लिहायचे. गेम कितीही रटाळ असो, त्याला बोलायला पुरता वेळ द्यायचे. मला वाटायचं, या माणसाला गेम कळत नाहीत, भिडस्तपणा तेवढा कळतो. माझ्या लिखाणात तिखट जास्त पडायचं आणि त्याचंच कौतुक व्हायचं, त्यामुळे ते कमी करायचं मला काही कारण नव्हतं.

त्या पावसाळ्यात पुठ्ठ्यात गुंडाळून आलेली सीडी एका मासेमारीच्या गेमची होती. उत्तरेकडचा कुठलातरी थंड समुद्र, एक होडी, चार खलाशी. मारामारी नाही, शर्यत नाही. वारा बघायचा, जाळी टाकायची, दिवस बुडायच्या आत परत यायचं. परदेशात यावरून उभी फूट पडली होती. एक बाजू म्हणत होती की दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसाला पुन्हा कामाला जुंपणं म्हणजे खेळ नव्हे. दुसरी म्हणत होती की इतका शांत, इतका खरा गेम आजवर झालेला नाही. मी दोन तास खेळले आणि पहिल्या बाजूला जाऊन बसले. सुरुवातीला एक लांबलचक पान येत होतं, त्या समुद्राच्या हवामानाचं, महिन्यावार. ते मी बटण दाबून पुढे ढकललं. अशी पानं मी नेहमीच पुढे ढकलायचे.

माझे बाबा तांडेल. म्हणजे होडी त्यांची, सुकाणू त्यांच्या हातात, आणि चार खलाशांच्या जिवाची जबाबदारीही त्यांच्यावर. त्या वर्षी फेब्रुवारीत होडी ओढताना त्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पावसाळाभर घरी बसा, नारळी पौर्णिमेला समुद्रावर जायला हरकत नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा निम्मा हंगाम बुडाला होता. चारही खलाशी तेवढ्यापुरते दुसऱ्यांच्या होड्यांवर गेले होते. ते नव्या हंगामात परत येतील का, एवढा एकच प्रश्न त्या पावसाळ्यात आमच्या घरात होता आणि तो कुणी उच्चारत नव्हतं. बाबा नुसते खिडकीशी बसून असायचे.

क्लासने जुना म्हणून काढलेला एक कॉम्प्युटर मी घरी आणला होता. एका दुपारी मी कंटाळून उठले, गेम तसाच चालू राहिला, आणि मागून बाबांचा आवाज आला.

“ह्यो वारो खंयसून येता गो?”

मी सांगितलं की कुठून येणार, खरा वारा नाही तो, कॉम्प्युटरचा आहे. ते काठी टेकत जवळ आले. पडद्यावरच्या निशाणाकडे बोट करून म्हणाले, “खरो नसाना. खंयसून येता ता इचारलंय.”

त्यांना खुर्चीत बसवलं, बाणाची चार बटणं दाखवली आणि नवा डाव सुरू करून दिला. तेव्हा मला त्यांची मजा वाटली, आणि खरं सांगायचं तर गेम आता कुणीतरी दुसरं खेळतंय म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. पडद्यावर तारीख आली एक जून. खाली ‘समुद्रावर निघा’ अशा अर्थाचं बटण होतं. मी म्हटलं, हे दाबा. बाबांनी हात मागे घेतला.

“जूनात दर्यात कोण जाता?”

मी हसले. मग त्यांनी जे केलं ते त्या गेमच्या कर्त्यांनी स्वप्नातही पाहिलं नसेल. त्यांनी होडी धक्क्याला बांधून ठेवली आणि रोज दिवस संपवायचं बटण दाबत राहिले. जून गेला, जुलै गेला. जाळी दुरुस्त करायची सोय गेममध्ये होती, ती करत होते. होडीला डांबर लावायची सोय होती, तेही केलं. गेम रोज सांगायचा की खलाशी नुसते बसून आहेत, नाराज आहेत. मी वाचून दाखवायचे. एकदा त्यातला एक सोडून गेला. “पावसात जातत. मगे येतत,” बाबा म्हणाले. आई पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आता घरातव पावसाळो आणलास काय?” पण ती खुशीत होती. फेब्रुवारीपासून इतकी वाक्यं बाबा एका दुपारी बोलले नव्हते.

गेममधला ऑगस्ट उजाडला तेव्हा त्यांनी मला भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, नारळी पौर्णिमेची तारीख पाहिली आणि पडद्यावर नेमकी ती आल्यावरच होडी सोडली. मला मान्य करायला हवं की ते सुंदर चालवत होते. वारा बघून जाळी टाकायचे, हाव न करता परतायचे. सप्टेंबर बरा गेला. ऑक्टोबर लागला आणि ते खुर्चीत जरा सैल बसले, कारण आमच्याकडे तेव्हा समुद्र निवळतो, खरी मासेमारी तेव्हाच. तिकडे मात्र बरोबर उलटं. वादळ आलं, त्यात बर्फ, आणि होडी गेली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

“काय म्हणता?” बाबांनी विचारलं.

“कोण परत इलो नाय, असा म्हणता,” मी सांगितलं.

ते उठले आणि खिडकीशी जाऊन बसले. पुन्हा त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. मला त्यांची दया आली आणि गेमचा संताप आला. त्या संतापात मी परीक्षण लिहिलं. लिहिलं की हा समुद्र खोटा आहे, आणि याला पुरावा माझ्या घरातच आहे. तीस वर्षं होडी हाकणाऱ्या माझ्या तांडेल वडिलांनी यात होडी बुडवली. खऱ्या समुद्राने जे त्यांच्याबाबतीत कधी केलं नाही ते या गेमने पंधरा दिवसांत केलं. दहापैकी दोन गुण. हा हुकमाचा पत्ता पुण्याच्या प्राध्यापकांकडे नाही, याचा मला कोण आनंद झाला होता. त्यांनी नऊ गुण दिले. इतकं अंतर सदरात कधी पडलं नव्हतं. संपादकांनी खूश होऊन फोन केला आणि मथळा दिला, ‘तांडेलाने होडी बुडवली’.

अंक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. आमच्या भागात तो कोण वाचणार, असं मी धरून चालले होते. पण केशकर्तनालयात मासिकं ठेवतात आणि पावसाळ्यात खलाशांना केस कापायला आणि गप्पा मारायला वेळच वेळ असतो. ज्यांनी वाचलं त्यांनी मथळा वाचला आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी ऐकला. होडीबाबत ‘बुडणं’ हा शब्द आमच्या घरांत कुणी तोंडातून काढत नाही, हंगामाच्या तोंडावर तर मुळीच नाही. मी तो छापून आणला होता. पाय मोडलेल्या, सहा महिने समुद्र न पाहिलेल्या तांडेलाबद्दल.

पहिल्यांदा आली ती आमच्या सगळ्यांत जुन्या खलाशाची बायको. मी दारातच होते.

“खरा काय गो ता?”

“काकी, ता कॉम्प्युटरातला. खेळ आसा तो.”

“होडयेचा नाव लिवलस?”

“नाय.”

“पण तांडेल कोण ता लिवलस.”

ती पुढे म्हणाली की धाकट्या खलाशाने मिठबावच्या एका होडीवर शब्द देऊन टाकलाय, आणि बाकीच्यांच्या घरची माणसंही विचारात पडलीत. हे सगळं आत बाबांना ऐकू जात होतं. मी काय लिहिलंय हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं.

ती गेल्यावर मी ओरडा खायच्या तयारीने आत गेले. बाबा म्हणाले, अंक आण आणि वाच. मी माझं वाचलं. दर वाक्यागणिक माझा आवाज बारीक होत गेला. मग म्हणाले, दुसऱ्याचं वाच. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की माझ्या पहिल्या तीन होड्या गेल्या, मग मी सुरुवातीचं हवामानाचं पान वहीत उतरवून घेतलं आणि गेम हळूहळू उलगडू लागला. त्यांना या गेममध्ये आवडलं होतं ते हेच, की इथे येताना आपलं शहाणपण दाराबाहेर ठेवावं लागतं.

“ह्यो दर्यात जाता काय?” बाबांनी विचारलं.

“नाय. पुण्याचे आसत. मास्तर होते.”

“तरी बरोबर लिवता.”

मला इतकं लागलं की मी अंक मिटून टाकला. मी म्हटलं, बाबा, मी तुमच्या बाजूनेच लिहिलंय, तो समुद्रच खोटा आहे.

“दर्यो खोटो नाय. तेंचो दर्यो तसो. तेंचा पंचांग पयल्या पानार होता मा? माका ता वाचूक येणा नाय. तुका येता.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “नाळीर तू होतस.”

आमच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली खडक फार. होडी आत घेताना नाळीवर, म्हणजे अगदी तोंडाशी, एक माणूस उभा असतो. त्याला पाणी दिसतं, तांडेलाला दिसत नाही. तो ओरडून सांगतो आणि तांडेल सुकाणू वळवतो. नाळीवरचा बोलला नाही आणि होडी खडकावर गेली, तर तांडेलाला कुणी बोल लावत नाही. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

मी ते पान तेव्हा पहिल्यांदा वाचलं. स्वच्छ लिहिलेलं होतं. उन्हाळ्यात समुद्र शांत, जून-जुलै मासळीचे महिने, ऑक्टोबरपासून होडी काढू नये. दोन मिनिटांत वाचून झालं. मला स्वतःची इतकी लाज आजवर वाटलेली नाही. परीक्षकांत मतभेद का होतात यावर मी त्या सदरात मोठ्या तोऱ्याने लिहिलेलं होतं. आवड वेगळी, वय वेगळं, अपेक्षा वेगळ्या, असं बरंच काही. इथे तसलं काहीच नव्हतं. त्या माणसाने वाचलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. मध्ये पडलेल्या सात गुणांना एवढंच कारण होतं.

संपादकांना फोन केला तर ते म्हणाले, गुण मागे घेतलेले वाचकांना आवडत नाहीत, पुढच्या अंकात बघू. पुढचा अंक सप्टेंबरात येणार होता. पौर्णिमा दहा दिवसांवर होती.

मी जुन्या खलाशाच्या घरी गेले. वीस वर्षं बाबांच्या होडीवर नाळीला उभा राहिलेला माणूस तो. त्याला सगळं सांगितलं, पान पुढे ढकलल्याचंसुद्धा. तो जाळ्याचा धागा ओढत ऐकत होता.

“ह्या माका सांगून काय उपयोग?” तो म्हणाला. “मी येतलंयच होतंय. आवाठातल्यांका सांग.”

संध्याकाळी होड्यांना रंग लावायला आवाठातली, म्हणजे आमच्या वाडीतली, सगळी माणसं किनाऱ्यावर जमायची. तिथे जाऊन मी बोलले. क्लासमध्ये चाळीस मुलांपुढे बोलायची सवय होती, तरी पहिलं वाक्य दोनदा अडलं. मी म्हटलं, छापून आलंय त्यात तांडेलाची चूक नाही. वाचायचं काम माझं होतं. नाळीर मी होतंय आणि मी काय बोलूक नाय. एक म्हातारी तेवढी म्हणाली, “आता बोललस ता बरा केलस,” आणि ब्रश पुन्हा चालू झाले.

पौर्णिमेनंतर बाबा निघाले तेव्हा तिघे आले. जुना होता, आणि आणखी दोघे. धाकटा आला नाही. त्याचा शब्द मिठबावला गेला होता आणि आमच्याकडे दिलेला शब्द फिरवत नाहीत. चौघांनी ओढायचं जाळं ओढायला त्या वर्षी तिघेच होते, आणि चौथ्याच्या जागी बाबा तो दुखरा पाय रोवून उभे राहायचे. घरी आले की सळई घातलेल्या जागी आई गरम पाण्याचा शेक द्यायची. एकदाही ते मला काही बोलले नाहीत. पाणी तापवायचं काम तेवढं मी आईकडून मागून घेतलं.