घुम्याची तोंडी परीक्षा

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे घुम्या म्हणतात. दिवसाला चार वाक्यं बोलला तरी डोक्यावरून पाणी. अशा माणसाने व्हावं सर्जन, आणि सर्जनची शेवटची परीक्षा असावी तोंडी!

दोनदा नापास झाला. त्याच्या हाताला यश आहे असं हॉस्पिटलात सगळे सांगतात. पण परीक्षकांनी विचारलं, पोट दगडासारखं घट्ट झालेला पेशंट आलाय, काय कराल? हा म्हणाला, पोट उघडतो. नाडी बघणं, सलाईन लावणं, रक्ताची सोय करणं, संमती घेणं, हे सगळं तो इतकी वर्षं न बोलता करत आलाय. परीक्षेच्या खोलीत मात्र तुम्ही जे बोलला नाहीत ते केलंच नाहीत, असं धरतात. आता शेवटची संधी उरली होती. ती हुकली तर जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली.

मग मी कंबर कसली. मी शाळेत शिकवते. दगडालाही बोलतं करीन अशी माझी घमेंड. तो ड्यूटीवरून आला की मी जेवणाच्या टेबलाशी पुस्तक उघडून त्याची हजेरी घ्यायची. आई कधी अपेंडिक्स व्हायची, कधी अपघात. तो भिंतीकडे बघत पाढे म्हटल्यासारखं सगळं म्हणायचा. चिडायचा नाही, हसायचा नाही. याचं काहीतरी बिनसलंय, असं आई एकदा म्हणाली. मी म्हटलं, तू गप्प पडून राहा, तुझं ऑपरेशन चाललंय.

गाडी अडायची एकाच प्रश्नावर. पेशंट ऑपरेशनच्या टेबलावरच दगावला, तर घरच्यांना कसं सांगाल? मागच्या वर्षी त्याच्या टेबलावर एक बाई गेली होती, आणि तिच्या नवऱ्याला यानेच बाहेर जाऊन सांगितलं होतं. पण मला परीक्षा दिसत होती. तेही मी घोकून घेतलं. आधी बसवायचं. दार लावायचं. आडवळण न घेता सांगायचं. मग थांबायचं आणि विचारायचं, तुम्हाला काही विचारायचंय का?

परीक्षेहून आला तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. त्याने बूट काढले, आईला खुर्चीत बसवलं, दार लावलं आणि समोर बसला. आईचा चेहरा पांढराफटक पडला. मी मनात म्हटलं, गेली, हीपण संधी गेली.

"मी पास झालो," तो म्हणाला. थांबला. "काही विचारायचंय का?"

एक धपाटा घालावा असं मला वाटलं. आई मात्र हसली नाही की रागावली नाही. तिने त्याचा हात धरला.

"तुला आनंद झाला का रे?"

मी त्याच्याकडून एवढी उत्तरं पाठ करून घेतली होती, त्यात हे नव्हतं.

"नाही गं, आई. मला काहीच वाटत नाही. ती बाई गेली तेव्हापासून काहीच वाटत नाही."

स्पष्ट बोलला, एकेक शब्द सुटा करून, मी शिकवलं होतं तसं.